सराफाच्या काट्यावर बारा ग्रॅम

मी शिंकलो, तिथून सगळं सुरू झालं.

आमच्या सीमाभागातल्या शहापूरच्या सराफ गल्लीत माझ्या एका शाळासोबत्याचं दुकान आहे. त्याच्याकडे काचेच्या पेटीतला वजनकाटा आहे, जवळून श्वास सोडला तरी आकडा बदलणारा. त्या काट्यावर मी माझा ट्रॅकर ठेवला होता. ट्रॅकर म्हणजे फुग्याला बांधून आभाळात सोडायचं चिमुकलं रेडिओयंत्र. बोटभर सर्किट, दोन बाजूंना पापडासारख्या पातळ दोन सौर पट्ट्या आणि केसासारखी बारीक तार. तार पेटीत मावेना म्हणून मित्राने काच वर केली आणि नेमकी तेव्हाच मला शिंक आली. ट्रॅकर उडाला. आभाळात जायच्या आधी त्याने घेतलेली ही पहिली भरारी.

सराफाच्या दुकानात काही खाली पडलं की कुणी पाय हलवायचा नाही, अशी रीत आहे. जो जिथे उभा तो तिथेच थांबणार, आणि ज्याचं पडलं त्याने हातांनी चाचपून शोधायचं. सोन्याचा कण असेल म्हणून तिथला केरसुद्धा कुणी तसा टाकत नाही. मित्राने नुसता हात वर केला आणि मी आपोआप गुडघ्यांवर आलो. रांगत, चाचपत मी गादीच्या कडेपर्यंत पोचलो तेव्हा ट्रॅकर सापडला. सौर पट्टी जरा दाबली की तडकते, म्हणून तो ओंजळीत घेतला आणि तसाच, गुडघ्यांवर बसूनच, मित्राला म्हणालो, "बघ की रं जरा, मोडलं काय."

त्याच क्षणी दुकानाचं दार उघडलं. दारात माझ्या लेकीच्या होणाऱ्या नवऱ्याची आत्या उभी होती.

तेव्हा मी उठून चार वाक्यांत सगळं सांगायला हवं होतं. ते न करता मी ट्रॅकर घाईने डबीत ठेवला, डबी खिशात घातली आणि म्हणालो, "काय न्हाय, जरा वजन करायला आलतो. घरात बोलू नका."

घरात बोलू नका म्हणण्याचं कारण इतकंच की बायकोला मी दळण आणायला जातो म्हणून सांगून निघालो होतो. ज्वारीचा डबा बाहेर स्कूटरवर होता. बायकोचं म्हणणं असं की आठवड्यातला एक रविवार मिळतो, तोही मी तारांत घालवतो. म्हणून डबा. पण आत्याबाईंना डबा दिसला नसावा. त्यांना दिसलं ते एवढंच: लग्न ठरत आलेल्या मुलीचा बाप सराफापुढे गुडघे टेकून ओंजळ पसरून बसला आहे, आणि आपण दिसताच त्याने काहीतरी खिशात लपवलं.

लेकीचं स्थळ निपाणीचं. तिथेच दिलेल्या माझ्या आक्काने ते आणलं होतं. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, दोन्हीकडून होकार होता, मुलं एकमेकांशी फोनवर बोलत होती. फक्त साखरपुड्याची तारीख धरायची राहिली होती. लेक बँकेत नोकरी करते, कमी बोलते, पण त्या दिवसांत भांडी लावतानासुद्धा गुणगुणायची. बापाला अशा वेळी फार काही करायचं नसतं. नीट वागायचं असतं. तेवढंच मला जमत नव्हतं, हे मला ठाऊक नव्हतं.

आता या फुग्याबद्दल थोडं. मी मच्छे गावी एका कारखान्यात माल तपासायच्या कामाला आहे. राहायला हिंडलग्याला. चाळिशी उलटल्यावर मी हौशी रेडिओची परीक्षा दिली. पास झालो याचं आश्चर्य घरात अजून सरलेलं नाही. आमची पाच-सहा जणांची टोळी आहे, त्यात निपाणीजवळचे एक जैन शेतकरी, वयाने मोठे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा एक वाक्य मराठीत सुरू करतात आणि कन्नडमध्ये संपवतात, आणि रेडिओवर बोलताना इंग्रजीत खोकतात. त्यांच्याच डोक्यातली ही कल्पना. वाढदिवसाला मिळतो तसला चंदेरी फुगा घ्यायचा, त्यात थोडाच गॅस भरायचा, खाली ट्रॅकर बांधायचा आणि सोडून द्यायचा. वर हवा विरळ असते, तिथे फुगा आपोआप टम्म होतो, विमानांच्याही वर जाऊन तरंगत राहतो आणि वारा नेईल तिकडे जातो. ऊन असलं की ट्रॅकर आपला ठावठिकाणा रेडिओवर सांगत राहतो. जगभरचे आमच्यासारखे रिकामटेकडे तो ऐकतात आणि इंटरनेटवरच्या नकाशावर एक ठिपका उमटतो. रीतसर परवानग्या काढायचं काम अण्णांनी अंगावर घेतलं, कारण कचेरीत त्यांच्या कन्नडला मान मिळतो.

माझ्याकडे यंत्र आलं. अट एकच, बारा ग्रॅमच्या आत. बॅटरी नाही, पेटी नाही, एक स्क्रूसुद्धा नाही. आयुष्यभर मी कारखान्यात चाळीस-चाळीस किलोचे ओतीव भाग तपासले. तिथल्या काट्याला बारा ग्रॅम म्हणजे धूळ. घरातला स्वयंपाकाचा काटा कधी अकरा दाखवायचा, कधी चौदा, आणि एकदा ट्रॅकर उचलल्यावरही दोन दाखवत बसला. म्हणून सराफ.

आणि वजन कमी करणं हा प्रकार मला अजून कळलेला नाही. मी सर्किटची कडा कानशीने घासली, वजन कमी झालं. जोडणीचा खटका काढून टाकला, वजन वाढलं. का वाढलं? आठवडाभर विचार केला. खटक्याच्या जागी मीच सोल्डरचा मोठा थेंब ठेवला होता, हे मित्राने सराफी भिंगातून दाखवलं. मग तो थेंब काढताना एक पट्टी तडकली. नवी पट्टी लावली तर ती जुनीपेक्षा जाड निघाली. दर वेळी डबी घेऊन मी शहापुरात, दर वेळी काट्याकडे बघून माझा सुस्कारा, दर वेळी डबी परत खिशात. आत्याबाईंचं घर त्याच गल्लीच्या तोंडाशी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हळूहळू निपाणीकडून फोन येईनासे झाले. आधी तारीख पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले. मग घरात कुणी आजारी आहे म्हणाले. मग काहीच म्हणेनात. लेकीची गुणगुण थांबली. जेवताना ती भाकरीचे तुकडे करायची आणि तसेच ठेवायची.

मी आक्काला फोन केला. आक्का एरवी फोनवर पोराबाळांपासून उसाच्या पाण्यापर्यंत सगळं बोलते. त्या दिवशी तिने मलाच प्रश्न विचारले. कारखाना नीट चाललाय ना? पगार येतोय ना? कुणाला जामीन राहिलायस का? पत्ते-बित्ते खेळतोस का? मी हसून म्हणालो, मला चिंता एकच, वजन कमी होत नाही. आक्काने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "डॉक्टरला दाखवलास काय रं?"

मी म्हणालो, डॉक्टरचं काम नाही, कानस लागते. तिने फोन ठेवला.

मला वाटलं, पत्रिकेत काहीतरी निघालं असणार. नाहीतर त्यांना माझा रेडिओचा नाद कळला असेल आणि वेडाच्या घरची सोयरीक नको वाटत असेल. छपरावर मी बांधलेली तार रस्त्यावरून दिसते. एका संध्याकाळी मी ती काढायला वर चढलोसुद्धा. लेक खालून म्हणाली, "राहू दे बाबा, त्याला माहीत आहे ती. त्याला आवडली होती." आणि आत निघून गेली. 'होती' म्हणाली, ते ऐकून मी शिडीवरच बसून राहिलो. म्हणजे तारेचा दोष नव्हता. मग कशाचा?

शेवटी एक दिवस आक्काच बसने येऊन उभी राहिली. चहासुद्धा न घेता बायकोला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावलं. मी बाहेर. आत कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, डबे उघडल्याचा आला, मग बराच वेळ कसलाच आला नाही. बाहेर आल्या तेव्हा आक्का घाम पुसत होती आणि बायको माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी एखादं कोडं आहे आणि तेही फार अवघड नाही.

"दागिने सगळे जागच्या जागी हायत," आक्का म्हणाली. "मग तू सराफाकडं काय तोलतोस रं दर आठवड्याला?"

मी डबी आणून उघडली. आक्काने चष्मा लावून आत बघितलं. तिला वाटलं काहीतरी मोडलेलं घड्याळ आहे. मी फुगा सांगितला, वारा सांगितला, ठिपका सांगितला. सांगत गेलो तसतसा आक्काचा चेहरा आणखी बुचकळ्यात पडत गेला. शेवटी तिने बायकोला विचारलं, "खरं हाय काय गं ह्ये?"

"खरंच हाय," बायको म्हणाली. "ह्यास्नी खोटं बोलायला येत असतं तर असलं सांगितलं असतं काय?"

तेव्हा मला निपाणीतली गोष्ट समजली. मुलीच्या बापाने बायकोचं सोनं चोरून मोडायला काढलं आहे. सराफ घेत नाही, बाप त्याच्या पाया पडतो, घरात कुणाला ठाऊक नाही. असल्या घरात पुढे काय काय निघेल कोण जाणे. आत्याबाई खोटं काहीच बोलल्या नव्हत्या. बघितलं ते सांगितलं होतं.

मी म्हणालो, आत्ता जाऊन सांगून येतो. बायको म्हणाली, काय सांगणार? फुग्याचं यंत्र सराफाकडे तोलतो, हे ऐकून तर त्यांचा उरलासुरला विश्वासही जाईल. ते खरंच होतं. शेवटी तिनेच ठरवलं की सांगायचं काही नाही, बोलवायचं. फुगा अण्णांच्या शेतातून सोडायचा होताच, आणि ते शेत निपाणीपासून जवळ. आक्काने निरोप न्यायचा: मुलीच्या वडिलांनी एक यंत्र केलंय, ते सोडायच्या आधी थोरामोठ्यांनी बघावं.

थंडीतली सकाळ होती. तंबाखूच्या रानात दव होतं. अण्णांनी खळ्यावर सतरंजी घातली होती. मला वाटत होतं कुणी येणार नाही. गाडी आली. मुलगा आला, त्याची आई आली, आत्याबाई आल्या. मुलाचे वडील आले नाहीत, यावर मी मनात बरंच काही रचलं. नंतर कळलं, त्यांचा गुडघा दुखत होता.

मी सतरंजीवर डबी उघडली. आत्याबाई जवळ आल्या, वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत डबीत. "एवढंसं?" म्हणाल्या. मी म्हणालो, साडेअकरा ग्रॅम. हे मी अभिमानाने म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना माझी दया आली, हे दिसत होतं. पण ही दया वेगळी होती. घर बुडालेल्या माणसाची दया आणि डोकं फिरलेल्या माणसाची दया यांत फरक असतो, तो मला त्या दिवशी कळला. कुठली बरी, ते मात्र कळेना.

मुलाची आई मात्र यंत्राजवळ येऊन बसली. मग तिने पिशवीतून करंडा काढला. त्यांच्या घरात पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या कशालाही हळदकुंकवाशिवाय जाऊ देत नाहीत, मग ती गाडी असो की परीक्षेला जाणारं पोर. तिने दोन बोटं पाण्यात बुडवली. यंत्रावर लावण्यासारखी गुळगुळीत जागा दोनच. एका सौर पट्टीवर तिने भरपूर हळद लावली आणि दुसरीवर कुंकू.

"नीट जाऊन येऊ दे," ती म्हणाली.

त्या यंत्राचं सगळं जगणं उन्हावर होतं. पट्ट्यांवर ऊन पडलं तरच वीज, वीज असली तरच आवाज. ओल्या हळदीखाली ते मुकंच राहणार. मी कित्येक महिने त्या पट्ट्यांना बोट लागू दिलं नव्हतं. तोंडातून शब्द येत आला होता. समोर लेक उभी होती. ती यंत्राकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिला पट्टी काय असते ते ठाऊक होतं, कारण तडकलेली पट्टी बदलताना उजेडासाठी टॉर्च तिनेच धरली होती.

मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "आता काय काळजी न्हाय."

मग मी आणि अण्णा फुगा भरायला गेलो. सिलिंडरची चावी गंजली होती, ती फिरेना. अण्णा कन्नडमध्ये तिची समजूत काढत होते, मी दोन्ही हातांनी पिळत होतो. फुगा भरला गेला तोवर ऊन वर आलं होतं. ट्रॅकर बायकोने ओंजळीत घेतला, कारण तिचे हात हलके आहेत. मी फुगा धरून पुढे, लांबलचक दोरा आणि तार मधे, ती मागे. मी सोडलं, मग तिने सोडलं. यंत्राकडे मी मुद्दाम बघितलं नाही. बघून काय करणार होतो? चंदेरी फुगा बोटभर झाला, मग टाचणीएवढा, मग आत्याबाईंना दिसत होता आणि मला नाही.

अण्णांच्या घरी उप्पीट झालं. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. नकाशा रिकामा. मुलाची आई दोनदा म्हणाली, "पोचला काय हो पाव्हणं?" मी दोनदा म्हणालो, जाईल, जाईल. अण्णांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे गेलं. तिकडे बायकांत कुजबुज चालू होती, हसणं चालू होतं. कुणीतरी पंचांग मागितलं. मग आक्का येऊन माझ्या कानात म्हणाली की तारीख धरली, तू गूळ घे. मी गूळ घेतला. तारीख कशी धरली, का धरली, फुगा तर बोललाही नाही, मग यांना पटलं काय, हे मला समजेना. आनंद झाला होता, पण तो कुठल्या रस्त्याने आला हे न कळल्यामुळे नीट हसताही येईना. आणि नकाशा अजून रिकामाच होता.

तेवढ्यात नकाशावर ठिपका उमटला.

केरळातल्या कुणीतरी आवाज ऐकला होता. आमचाच. मी सगळ्यांना पूर्वेला जाईल म्हणून सांगितलं होतं आणि तो पश्चिमेला, फोंडा घाटाच्या वर होता. अण्णा उठून उभे राहिले आणि परत बसले. थोड्या वेळाने आणखी एक ठिपका. मग कोकण, मग समुद्र. मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला आणि प्रत्येक ठिपका मोठ्याने वाचू लागला. त्याची आई म्हणाली, बघा, कुंकवाचा गुण. मी मान हलवली.

कारण काही पटेना. अण्णा म्हणाले, दवाने हळद धुतली असेल. मी म्हणालो, मग कुंकू? ते म्हणाले, वर हवा विरळ, भुकटी उडून जात असेल. मी म्हणालो, ओली भुकटी? ते कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले, ते मला कळलं नाही आणि त्यांनाही पटलेलं दिसलं नाही. परतीच्या वाटेवर संकेश्वर येईपर्यंत मी हाच विचार करत गाडी चालवत होतो. लेक मागे झोपली होती. शेवटी न राहवून मी बायकोला म्हणालो की पट्ट्या पूर्ण झाकलेल्या होत्या, मग ते बोललं कसं?

"बोलंल न्हाय तर काय," ती म्हणाली. "तुमी त्या सिलिंडरशी झटापट करत होता तवा मी पदरानं सरकवलं ते. पुसलं न्हाय हं. सरकवलं. दोऱ्याच्या गाठीला लावलं."

मी म्हणालो, आणि त्यांनी बघितलं असतं तर? एवढं जुळत आलेलं.

"बघितलंच की. पोराच्या आई शेजारीच हुत्या. त्याच म्हणाल्या, काचंवर नगं व्हय, मला काय ठावं, दोऱ्याला लावा. मग म्हणाल्या, तुमच्या मालकांचं तोंड एवढंसं झालतं, पर बोलले न्हाईत. असल्या माणसाच्या घरातली पोरगी आमाला चालंल." तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "आणि पुढच्या बारीला डबा घेऊन सराफाकडं जाणार असाल तर येताना दळून तरी आणत जावा. गिरणीत लाइट नव्हती म्हणं, म्हणून तीनदा ज्वारी तशीच परत आली. गिरणीवाल्याची बायको रोज माझ्यासंगट भाजी घेते."